आत्याचं कोलकाता-दर्शन

तमाम प्रवासी बंधू-भगिनींना अत्यंत जबाबदारीनं कळवण्यात येतं की, कोलकाता शहरात पाहण्यासारखं काय आहे, याविषयी आजपासून माझा शब्द अखेरचा समजावा. मी तिथे जाऊन आलो आहे. सोबत आत्या होती. आणि आत्याला घेऊन ज्यानं एखादं शहर पाहिलं, त्याला त्या शहरानंही नीट पाहून ठेवलेलं असतं.

आता आमचं आटपाडीकडचं कोरडं गाव कुठे आणि कोलकाता कुठे, असं परक्या माणसाला वाटेल. आमच्याकडे कुणाला वाटत नाही. आमच्या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. जुने दागिने वितळवायचे, त्यातलं सोनं शुद्ध करून सराफाच्या हाती द्यायचं, हे ते काम. देशात जिथे जिथे सराफ बाजार, तिथे एका बोळात आमची भट्टी. त्यामुळे ज्यांनी सांगलीचा गणपती धड पाहिलेला नाही, असे आमचे म्हातारे कोचीनच्या आणि गुवाहाटीच्या गल्ल्यांवर पारावर बसून वाद घालतात.

आत्याचा जावई असाच कोलकात्यात गलाई करतो. आत्याची ही एकुलती एक लेक. आत्याच्या सासूच्या आवाजाला अख्खी गल्ली वचकून असायची, आणि तिची ही नात लहानपणापासून इतकी गरीब, की घरात असली तरी चूल पेटलेली दिसली म्हणजे ‘आहे वाटतं घरात’ असं आम्ही म्हणायचो. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. फोनवर आत्यानं काहीही विचारलं तरी उत्तर एकच : “बरं हाय.” सासू-सासरे बरे हायेत. जावई बरे हायेत. तू? मीबी बरी हाय.

“लय वेळा बरं हाय म्हणती रं,” आत्या मला म्हणाली. “येवढं बरं कुणाचंच नसतं. कुणी बोलत आसंल तिला. मूल न्हाई म्हणून टोचत आसतील. आन् ही गप ऐकून घेत आसंल. मला जाऊन बघायचं हाय.”

मामा, म्हणजे आत्याचे यजमान, म्हशींपाशी थांबले. मी वाटाड्या म्हणून निघालो. निघण्यापूर्वी मोबाइलवर त्या शहराची एवढी माहिती वाचली, की मी तिथेच जन्मलो असेन, अशी माझी मलाच शंका आली.

पण एक गोष्ट मी वाचली नव्हती, कारण ती मोबाइलवर नसते. लेकीला मूल होईपर्यंत आई-बापानं तिच्या घरचं खायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पुष्कळांनी सोडली. आत्यानं सोडलेली नव्हती. ती लेकीच्या घरी गेली, उंबऱ्याच्या आत बसली, लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि समोर आलेला पाण्याचा तांब्या हळूच बाजूला सारला. लेक तांब्या उचलून आत गेली.

मग आत्यानं राहायचं कुठे, जेवायचं कुठे? कोलकात्यातल्या आमच्या तालुक्याला ही बातमी लागायला वेळ लागला नाही. सगळ्या भट्टीवाल्यांकडून आमंत्रणं आली. सकाळचं एकाकडे, संध्याकाळचं दुसऱ्याकडे, आणि नाही म्हणणं म्हणजे गावाकडे कायमचं वैर. व्हिक्टोरिया मेमोरियलला निघालो की वाटेत खानापूरकडची भाकरी आडवी यायची. ट्रामला हात केला की मागून हाक यायची, “आवं पाव्हणं, आमच्याकडं कवा येताय?” जगात बंगाली मिठाईचं एवढं नाव, मी त्या शहरात प्रामुख्याने खर्डा खाल्ला.

तरीही मी हरलो नाही. जे जे दाखवता येईल ते दाखवलं. जावई दुकान बंद ठेवून सोबत यायचा, लेकही यायची. व्हिक्टोरियासमोर उभा राहून मी हात पसरून म्हणालो, “आवं आत्या, बघा, समदा संगमरवर!” आत्या लेकीच्या दंडाकडे बघत होती. बारीक झाली का, ते. हावड्याच्या पुलावर मी नदी दाखवली, आत्यानं लेकीच्या कानाशी विचारलं, “झोप लागती का गं?” संग्रहालयात मात्र इजिप्तहून आणलेला काचेतला मुडदा बघून ती क्षणभर लेकीला विसरली.

“ह्यास्नी कुणी जाळलं न्हाई व्हय?”

“न्हाई. त्यांच्यात तशी रीतच हुती,” मी सांगितलं.

“आन् हितं येकटंच आणून ठिवलं? आपल्या मान्सातनं उचलून?”

मी मोबाइल काढून शोधू लागलो. त्या थंड दालनात आत्या बराच वेळ काचेपाशी उभी राहिली. मोठी शहरं पाहायला जाणारे लोक मनोरे बघतात, पूल बघतात, परत येऊन फोटो दाखवतात. आमच्याकडचे लोक शहरात जातात ते बहुधा त्या शहरानं आपलं माणूस कसं ठेवलंय, ते बघायला. आणि तेवढं एकच तिथे कुणी तिकीट लावून दाखवत नाही.

अडचण अशी होती की, घरात सासू-सासरे, त्यामुळे लेकीला एकटं गाठायला लेकीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायला हवं. पण तिथे ताट पुढे आलं असतं, ते नाकारावं लागलं असतं, म्हणून आत्या तिकडे फिरकतच नव्हती. बाहेर म्हणावं तर जावई इतका अदबशीर, की सासूपासून क्षणभर बाजूला होईना. “मामी, पाणी? मामी, सावलीला बसता? मामी, चप्पल चावती का?” त्याच्या या सेवेमुळे आत्याचा संशय उलट वाढला.

“लय गोड बोलतोय,” ती मला म्हणाली. “तू इचार तिला. भाऊ हायस तू.”

मी नाटकात कामं केलेला माणूस. नदीच्या घाटावर संधी साधून मी अत्यंत सहज आवाजात बहिणीला विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, हसली आणि म्हणाली, “दादा, आयेला सांग, मी बरी हाय.”

मी ते जसंच्या तसं पोचवलं. आत्या त्या रात्री परक्या घरच्या ताटावरून अर्धी भाकरी ठेवून उठली.

निघायच्या दिवशी सकाळी सगळी ठिकाणं संपलेली होती. लेक म्हणाली, मला बाजारात जायचं हाय, दुकानातल्या मान्सांचा सैपाक आसतो. आत्या म्हणाली, मी येते. मी आणि पिशव्या घेतलेला जावई मागोमाग.

तो मासळीबाजार होता. जमीन ओली, वर पिवळे दिवे, मोठाल्या उभ्या विळ्यांवर मासे कापले जातायत आणि जो तो ओरडतोय. आमच्या कोरड्या मुलखातली आत्या दारातच पदर नाकाला लावून थिजली. लेकीनं निऱ्या वर खोचल्या आणि आत शिरली. दोन्ही बाजूंनी हाका सुरू झाल्या, “बौदी! बौदी!” बौदी म्हणजे वहिनी, जावयानं सांगितलं. वहिनीनं एका माशाचे कल्ले उघडून आत पाहिलं, तो परत आपटला, दुसरा उचलला. विक्रेत्यानं काहीतरी ऐकवलं. आणि मग आमची ती गरीब पोरगी जी सुटली! कमरेवर हात, खणखणीत बंगाली, शेजारचे विळे थांबले. विक्रेता हात जोडून हसायला लागला. तिच्या मागे गावाकडून नवीच आलेली एका भट्टीवाल्याची सून अंग चोरून उभी होती, तिच्यासाठीही हिनंच निवडलं, आणि तिला दटावलं, “तोंड उघडायला शीक. न्हाईतर शिळं गळ्यात मारत्यात.”

मग वळून नवऱ्याला म्हणाली, “आवं, तिथं काय हुबं ऱ्हायलाय? पिशवी इकडं! आन् दादा, तू त्या पाण्यात पाय दिऊ नगंस, कितींदा सांगू?” जावई धावला. मी पाय उचलला. तेवढ्यात बारीक आवाजात आत्या काही म्हणणार, तोच लेक म्हणाली, “आये, तू जरा गप बस गं, माझा हिशोब चुकतोय.”

आत्याचा पदर नाकावरून खाली आला. तिनं लेकीकडे पाहिलं, पिशवी धरून उभ्या जावयाकडे पाहिलं, आणि भर बाजारात, कल्लोळाच्या वर आवाज काढून ती म्हणाली,

“आगं बया बया! ही तर माझ्या सासूवर गेली!”