कवठाची चटणी

सुनेनं चटणीले कवठ फोडलं अन् तो आंबट वास नाकात गेला, की माझं डोकं आजही तापते. वऱ्हाडावर मुंबईचं नाही, नागपूरचं सरकार होतं तवाची गोष्ट. धाकट्या भावाले शाळेच्या क्रिकेट टीममध्ये जायचं होतं, पण मास्तर म्हणे, वेगाच्या चेंडूवर याची बॅट उशिरा येते. मी दोनच वर्ग शिकलो, पण हट्टाले पेटलो. वावरात त्याच्या जवळ उभं राहून कच्ची कवठं जोरात फेकू लागलो. "माझा हात वर गेला की बॅट मागं ने! कवठाची वाट काऊन पाहून राह्यला बे?" त्याची बोटं सोलली, पण शेवटी कवठं बॅटवरच फुटू लागली. निवडीच्या दिवशी त्यानं पिंपळगावच्या उंच पोराचा सगळ्यात वेगाचा चेंडू कुंपणापार मारला. मास्तरनं त्याच्या पायाकडे पाह्यलं. "अनवाणी पोर टीममध्ये शोभत नाही." मी म्हटलं, "चेंडू काय जोडे पाहून येते का, मास्तर?" पोरं हसली, पण भावाले घेतलं नाहीच. आज तोच भाऊ माझ्या शेजारी बसून चटणी चाटूनपुसून खाते. म्हणते, "सोड ना दादा, किती वर्सं झाली!" मी वाटी त्याच्याकडे सरकवली. चटणी सोडली म्या, मास्तरले नाही.