डावीकडचं पदक

इमारतीत त्यांना तोंडावर साहेब म्हणत आणि पाठ वळली की भिंगवाले. उभी हयात वजनमापांचे निरीक्षक म्हणून दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली. निवृत्त झाले तरी खोड जाते कुठे! बायकोनं आणलेली भाजी आधी घरच्या काट्यावर चढायची, मग विळीवर. उरलेला जीव जुनी पदकं जमवण्यात. त्यातही नदीवरच्या मोठ्या पुलाचं चांदीचं पदक म्हणजे गळ्यातला ताईत. पूल पुरा झाला तेव्हा मोजक्या कामगारांना दिलेलं. ह्यांनी ते जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतलेलं. पण ऐट अशी, की जणू पूल ह्यांनीच बांधला.

वरच्या मजल्यावरच्या काकूंकडेही तसंच एक पदक होतं. त्यांचे यजमान त्या पुलावर क्रेन चालवायचे. गेल्या वर्षी गेले. हयात असताना पदकाची गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली होती, की ते जिन्यात दिसले की लोकांना घरी गॅस चालू राहिल्याची आठवण व्हायची. काकूंना ते पदक लेकीला दाखवायचं होतं, अस्सल आहे असं ठणकावून सांगायचं होतं.

"भाऊजी, एकदा नजरेखालून घाला ना."

आता बघायचं ते घरात बघावं की नाही? पण भिंगवाल्यांना प्रेक्षक लागत. पाण्याच्या टाकीच्या बैठकीला तळमजल्यावर सगळे जमलेले असताना त्यांनी दोन्ही पदकं टेबलावर मांडली, मोजमाप केलं, फोटो काढले, भिंग डोळ्याला लावून 'हं' केलं.

"वहिनी, माझ्या पदकापेक्षा हे केसभर मोठं आहे. अक्षरंही कालच कोरल्यासारखी. जुळत नाही. नक्कल आहे."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे थापांची क्रेनसुद्धा बरीच उंच जायची म्हणा की!"

हशा पिकला. भिंगवालेही हसले. काकूंनी पदक रुमालात गुंडाळलं, "बरं झालं, कळलं" एवढंच म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.

एवढ्यावर भागतंय होय! भिंगवाल्यांनी दोन्ही पदकांचे फोटो शेजारी शेजारी लावून संग्राहकांच्या फोनवरच्या गटात 'नक्कल कशी ओळखावी' असा लेखच टाकला. कुठलं कुणाचं ते लिहायचं मात्र राहिलं. कौतुकाचा पाऊस पडला. एका जुन्या जाणत्यानं लिहिलं, "वा साहेब! डावीकडची नक्कल झकास पकडलीत. बुडबुड्यांचे खड्डे, अक्षरं वापरलेल्या साबणासारखी. साच्यात ओतलेली चांदी निवताना आकसते, म्हणून लहान भरली. उजवीकडचं मात्र ठशानं छापलेलं, अस्सल. कुणाचं हो?"

डावीकडचं ह्यांचं होतं.

भिंगवाल्यांनी डबी उघडली. खड्डे होतेच. इतकी वर्षं ते त्यांना पदकाच्या म्हातारपणाचे व्रण म्हणत होते. ओतीव नक्कल लहान भरते, हे तर त्यांना पाठ होतं! आणि परक्याच्या वजनाला हात लावण्याआधी आपलं प्रमाण वजन तपासून आणायचं, हा नोकरीतला पहिला धडा. तो विसरला म्हणून एका हाताखालच्या माणसाला त्यांनी भर बाजारात झापलं होतं.

"जेवत का नाही? आज काटा बिघडला वाटतं," बायको म्हणाली. त्यांनी सांगितलं. तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तिनं त्यांचं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, "जा वर."

भिंगवाले काकूंच्या दारात उभे राहिले. "वहिनी, माझ्याकडून जरा गफलत..." करत सगळं सांगितलं एकदाचं. काकूंनी ऐकून घेतलं.

"मला दारात कशाला सांगता, भाऊजी? जिथं सांगितलंत तिथंच सांगा."

पुढच्या बैठकीत पंपाचा विषय संपता संपेना, आणि संपू नये असंच भिंगवाल्यांना वाटत होतं. शेवटी उठले. कानाच्या पाळ्या लाल.

"क्रेनवाल्यांचं पदक अस्सल आहे. नक्कल आहे ते माझं. मी न तपासलेल्या मापानं मोजलं."

मग मागचा तोच आवाज, "साहेब, आमच्या आईची वाटी तुम्ही चांदीची नाही म्हणाला होतात. तिचं काय करायचं?"

पुन्हा हशा. ह्या वेळी भिंगवाल्यांना खाली बघावं लागलं. एरवी स्वतःच्या बुटांकडे इतका वेळ कोण बघतं!

जिन्यात त्यांनी काकूंना गाठलं. "वहिनी, लेकीला दाखवाल ना आता?"

"दाखवीन की." काकू थांबल्या. "पण त्या दिवसापासून मी ह्यांच्या फोटोकडे बघितलं नाही हो. म्हटलं, आयुष्यभर मलाही थापच मारलीत? गेलेल्या माणसाशी अबोला धरला. तुम्ही चुकलात, ते लोकांना कळलं. मी इतक्या पटकन कसं मानलं, ते त्यांना काय सांगू?"

काकू वर गेल्या. दार लागलं, पण पातळ भिंतींची इमारत ती. थोड्या वेळानं आतून त्यांचा बारीक आवाज यायला लागला, कुणाशी तरी हळू बोलल्यासारखा. तो आपण ऐकू नये हे भिंगवाल्यांना कळलं, आणि ते पावलांचा आवाज न करता खाली उतरले.