चांगल्या पानाची वाट

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला उगीच शहाणी समजणार नाही. दहा रुपये भरून मी मोबाईलवर पोकरचा सामना खेळत होते. शेकडो लोक गळाले आणि मी शेवटच्या नऊ जणांत पोचले. तिथं पोचल्यावर चांगल्या पानाची वाट पाहत बसले. इतकी बसले, की हातात दोन राजे आले तेव्हा माझ्याजवळ लावायलाच काही उरलं नव्हतं.

तेव्हा मी चौसष्ट वर्षांची होते. त्या वयात अंगात जरा मस्ती असतेच. आज अडुसष्टाव्या वर्षी त्या पोरीकडं पाहिलं की वाटतं, हिच्या पाठीत एक धपाटा घालावा आणि मग तिला जवळ घेऊन बसावं.

यांच्या किडन्या गेल्या आणि साखरा गावातल्या घराला कुलूप लावून आम्ही हिंगोलीला पोराकडं राहायला आलो. आठवड्यातून तीन दिवस दवाखाना. सकाळी यांना त्या खुर्चीत लवंडवायचं, हाताला दोन नळ्या लावायच्या, आणि दुपारपर्यंत मशीन यांचं रक्त धूत बसायची. शेजारच्या पेशंटच्या बायका वाती वळायच्या, मेथी निवडायच्या. मला दोन्हींचा कंटाळा. त्यात हे बोलायचे बंद झाले होते. गावात असताना ज्या माणसाचा आवाज पारावरून आमच्या चुलीपर्यंत यायचा, तो माणूस इथं छताच्या पंख्याकडं पाहत पडून राहायचा. काही विचारलं तर "हं". जेवता का, हं. पाणी देऊ का, हं. त्यांचं ते "हं" ऐकून मला भीती वाटायची.

दिवाळीत नात पुण्याहून आली. तिनं माझ्या मोबाईलवर तो खेळ टाकून दिला आणि दोन दिवसांत शिकवला. प्रत्येकाला दोन पानं, मधे सगळ्यांची मिळून पाच, त्यातून ज्याची जोडी भारी त्याची जीत. सगळ्यांना सुरुवातीला सारख्याच चिप्स. त्या संपल्या की तुम्ही बाहेर. प्रत्येक फेरीत पाळी आली की पानं न पाहता थोड्या चिप्स टाकाव्याच लागतात, आणि ही सक्तीची टाक दर थोड्या वेळानं वाढत जाते. पुढं सरकारनं हे पैशाचे खेळ बंदच केले. पण त्या वर्षी दहा रुपयांत माझी सकाळ जायची. तेवढ्याचा चहासुद्धा धड येत नाही.

नातीनं जाताना मला एकच मंत्र दिला. म्हणाली, "आजी, दहा रुपयांच्या खेळात सगळे येडे येतात. त्यांना फसवायला जाऊ नको. फसण्यासाठी सुद्धा अक्कल लागते."

मी आधी ऐकलं नाही. मला वाटलं, आयुष्यभर सासूला फसवलं, या पोरांचं काय घेऊन बसलात. हातात दुर्री-सत्ती घेऊन मी तोऱ्यात मोठी बोली लावायची, म्हणजे समोरच्यानं घाबरून पानं टाकावीत. समोरचा घाबरायचाच नाही. त्याच्याजवळ चौकीची जोडी असायची आणि तेवढ्यावर तो शेवटपर्यंत चिकटायचा. बुजगावण्याला पाखरं भितात, म्हैस भीत नाही. ती येते आणि त्यालाच अंग घासते.

असंच एकदा मी हरले आणि तोंडातून शिवी गेली. तेव्हा खुर्चीतून आवाज आला, "काय खेळून राहिलीस?"

कितीतरी दिवसांनी पुरं वाक्य आलं होतं. मी मोबाईल त्यांच्यासमोर धरला.

हे जन्मभर मेंढीकोट खेळलेले. चौघांचा डाव, दोन-दोन भिडू, सगळ्या दश्श्या गोळा करायच्या. साखऱ्याच्या पारावर यांच्यासमोर कोणी टिकत नसे. पोकर यांनी एका सकाळीत उचलला. मग मला शिकवायला लागले, म्हणजे माझी इज्जत काढायला लागले.

"हे काय पान हाये का? टाक."

"चित्र हाये की एक."

"एक चित्र घेऊन नाचतीस काय? टाक म्हणलं ना."

त्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती गप्प बसायची. लग्नाच्या पंगतीत घाईची माणसं पहिल्याच वाढीला पोट भरून घेतात आणि बुंदी येईपर्यंत ढेकर देतात, तसं या खेळात पहिल्या अर्ध्या तासात निम्मे लोक आपल्या हातानं मरतात. आपण नुसतं बसून राहायचं. दुसरी गोष्ट, पान चांगलं आलं की लाजायचं नाही. मला लाज वाटायची. एक्क्याची जोडी आली तरी मी चिमूटभर लावायची, समोरचा पळू नये म्हणून. हे चिडायचे. "हळद एवढी पिवळीधमक झाली अन् तू भाव सांगताना तोंड झाकून राहिलीस. सांग की भाव. हे येडे घेतातच." आणि खरंच घ्यायचे. भरभरून घ्यायचे.

नर्स एकदा म्हणाली, "मावशी, काय चाललंय दोघांचं?"

"देवाचं ऐकून राहिलो."

"मग काका आत्ता कोणाला बोलले, टाक रे गाढवा म्हणून?"

हे हसले. नळ्या हलतात म्हणून नर्स आम्हां दोघांना रागावली.

आता खरी गोष्ट सांगते. लग्न होऊन आले तेव्हापासून यांचा भिडू ठरलेला होता. ओढ्यापलीकडच्या तांड्यावरचा एक माणूस, यांच्याच वयाचा. संध्याकाळी बैल बांधले की तो इकडं यायचा आणि दोघं पारावर. कानाची पाळी चोळली म्हणजे हुकूम हातात हाये, अशा त्यांच्या लबाड्या. अख्ख्या गावाला त्या ठाऊक, तरी दोघंच जिंकायचे. मी त्याला तोंडावर भावजी म्हणायची आणि मनात सवत. नवी नवरी असताना मी एकदा वेणी घालून, गजरा माळून दारात उभी राहिले होते. हे माझ्या अंगावरून गेले. "भिडू थांबलाय," म्हणाले. त्या गजरा माळलेल्या पोरीनं काय करावं? तिनं रागानं त्या गजऱ्याची फुलं शेळीला खाऊ घातली.

आणि आता चाळीस-बेचाळीस वर्षांनी भिडू मी होते.

यांना एकच हौस राहिली होती. गावाला जायचं, पारावर बसायचं, त्या भिडूसमोर मेंढीकोटचा एक डाव खेळायचा. फार नाही, एकच. पोरगा म्हणाला, गाडी काढतो. मीच म्हणाले, जरा ताकद येऊ द्या. मग म्हणाले, थंडी ओसरू द्या. मग पायाची सूज उतरू द्या. माझं काही फार चुकत होतं असं नाही. गावाचा रस्ता खडबडीत, यांना बसवत नव्हतं, वाटेत काही झालं तर काय करायचं. ही सगळी कारणं बराबर होती. त्या सगळ्या कारणांच्या खाली एक बारीकसं कारण होतं. ते मी तेव्हा उचलून पाहिलं नाही.

भिडूचा फोन यायचा. हे झोपलेले असायचे, मीच उचलायची.

"वहिनी, येऊन जाऊ का एक चक्कर?"

"कशाला तकलीफ घेता भावजी? जरा सूज उतरली की आमीच येऊन राहिलो."

"नक्की येता?"

"व्हय, नक्की."

आमच्याकडं समोरचा "येतो" म्हणाला की आपण निघत नाही. तो तिकडून निघायचा, आपण इकडून, आणि दोन्ही घरांना कुलूप. तो माणूस शब्दाचा पक्का. तो थांबला.

त्या सकाळी, मघाशी सांगितलं तसं, आम्ही शेवटच्या नऊ जणांत होतो. यापूर्वी कधी इतकं पुढं गेलो नव्हतो. यांचा चेहरा उजळला होता. समोर एकानं सिंहाचा फोटो लावला होता. त्याच्याजवळ चिप्सचा ढीग. अक्कल शून्य, नशीब दांडगं. कोणी काही लावलं की हा आहेच. माझ्याजवळ चिप्स कमी होत्या, आणि सक्तीची टाक वाढत वाढत एवढी झाली होती, की दर फेरीला माझा चांगला लचका तुटायचा.

मला एक्का आला, सोबत सत्ती.

"लाव," हे म्हणाले. "सगळे लाव."

"सत्ती हाये सोबत. थांबा जरा, बरं पान येऊ द्या."

"अगं, तो सिंह छक्की-तिर्रीवर पण येईल. तुझ्याजवळ एक्का हाये. आता लावलेस तं काही तरी होईल."

"हरले तं?"

"हरलीस तं हरलीस. बसून राहिलीस तं काय जिंकशील?"

मी पानं टाकली. सिंहानं खरंच छक्की-तिर्री दाखवली आणि दुसऱ्या कोणाच्या चिप्स नेल्या. यांनी डोळे मिटून घेतले. मग राणी-नव्वी आली, तीही टाकली. मग एक्का-पंजी. मला फार शहाणं वाटत होतं. इतका वेळ गप्प बसून इथवर आले होते ना, मग आणखी थोडं बसू. सुरुवातीला जे बसणं कामाला येतं तेच शेवटी माणसाला खातं, हे त्या चौसष्ट वर्षांच्या शहाणीला कोण सांगणार? सांगणारा शेजारीच होता, नळ्या लावून.

राजे आले तेव्हा माझ्याजवळ सक्तीच्या टाकेपुरत्याच चिप्स होत्या. मी जिंकलेसुद्धा. पण मूठभराच्या दोन मुठी झाल्या, त्यानं काय होणार? पुढच्या फेरीत बाहेर पडले.

मला वाटलं हे ओरडतील. हे हळूच म्हणाले, "राजे दारात आले अन् घरात ज्वारी न्हाई."

मी हसले. तेही हसले. मग पंख्याकडं पाहत म्हणाले, "या ऐतवारी गावाला जाऊ. पोराला सांग."

"सूज तं उतरू द्या."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. पारावर समोरचा चुकीचं पान खेळला की ते जसं पाहायचे तसं. मग म्हणाले, "हं."

ऐतवार गेला. पुढचा ऐतवारही गेला. त्यानंतर एका सकाळी, दवाखान्याचा दिवस नव्हता, मी चहा घेऊन गेले तर हे भिंतीला टेकून बसले होते. मी म्हणाले, आज स्वतः उठून बसलात की. कप खाली ठेवला आणि मग मला कळलं.

साखऱ्याला त्याच दिवशी नेलं. खडबडीत रस्ता होता तसाच होता. मी पूर्ण वाट त्यांचं डोकं धरून बसले, धक्का लागू नये म्हणून. पोरगा म्हणाला, आई, आता काही होत नाही त्यांना. तरी माझे हात सुटले नाहीत.

भिडू आला होता. खांदा दिला आणि तांड्यावर परत गेला. माझ्याकडं पाहिलंही नाही. तेरावं झालं, पाहुणे पांगले. मग एका दुपारी तो आला आणि ओट्यावर टेकला. तो फार वाळला होता. मी चहा केला. त्यानं बशीत ओतला आणि बशी तशीच हातात धरून बसला.

मग त्यानं विचारलं, "माझी सय काढत व्हते का कधी?"

खोटं बोलायला मी कधी भ्याले नाही. सासूशी बोलले, नर्सशी बोलले. इथंही सोपं होतं. शुद्धच नव्हती हो भावजी, एवढं म्हटलं असतं की तो उठून गेला असता, आणि माझंही काही गेलं नसतं. पण त्याच्या हातातली बशी कलली होती, चहा बोटांवरून सांडत होता, आणि त्याचं त्याला भान नव्हतं.

"रोज काढायचे," मी म्हणाले. "एकच डाव खेळायचा होता तुमच्यासंगं. मीच आज नेते, उद्या नेते करत राहिले."

त्यानं बशी खाली ठेवली. खांद्यावरच्या पंच्यानं हात पुसले, बोट न् बोट. मग मान वर न करता म्हणाला,

"वहिनी, तुमी येतो म्हणलात म्हणून मी वाट पाहत बसलो. न्हाई तं हिंगोली काय लांब हाये? पत्ते खिशात घालून मीच आलो असतो."