सरूबाईची गच्ची

“गच्ची रिकामी हाय, असं तू त्याला सांगितलंस कसं?” सरूबाईनं तिसऱ्यांदा विचारलं.

नीरजनंही तिसऱ्यांदा तेच सांगितलं. पाठवलेला फोटो ऑगस्टमधला होता, तेव्हा गच्ची रिकामीच होती. पावसाळ्यात कोण मासळी सुकवतं? बांबू आणि दोऱ्या जिन्याखाली होत्या. तो फोटो पाहून सौर पॅनेल बसवणाऱ्या चंदननं गच्चीभर नकाशा आखला. आता ऑक्टोबर संपत आला होता आणि जबड्यात जबडा अडकवून दोऱ्यांवर टांगलेल्या बोंबलांखाली चंदन टेप घेऊन वाकून उभा होता.

“आधी आईंना विचारायचं होतंत,” रसिका नवऱ्याला म्हणाली.

वीजबिल सरूबाईच्या नावावर, म्हणून सरकारी अनुदानाचा अर्जही तिच्याच नावाचा. ती हो म्हणेपर्यंत काही हलणार नव्हतं.

नवरा गेल्यावर सुक्या मासळीवरच तिनं नीरजला शिकवलं होतं. पालीच्या समुद्रकिनाऱ्यावर मासळी सुकवत, कुत्री-कावळे हाकलत वीस वर्षं काढली. गुडघे गेले तेव्हा सुकवण या गच्चीवर आली. गच्ची गेली तर केबिन रोडवर मासळी विकायला बसणंही गेलं, मग मुलाकडे हात पसरणं आलं. ती नुसती दोरी धरून उभी राहिली.

नीरजनं समजावून पाहिलं. कोळसा कमी जळावा, हवा कमी तापावी, म्हणून सरकार घराघरांना मदत देतंय.

“हवा बिघडलीय ते मला नको शिकवू,” ती म्हणाली. “दिवाळीनंतर पाऊस येतो आता. गेल्या साली दोन दिवसांचे बोंबील कुजले. तुझं पॅनेल वाईट हाय असं मी म्हटलंच न्हाय. माझी जागा कुठाय ते सांग.”

चंदननं बिल पुन्हा पाहिलं आणि हिंदीत विचारलं, बिल तर थोडंच येतं, गच्चीभर पॅनेलांची वीज लागणार कुठे? घरात एसी तर दिसत नाही. नीरज चाचरत म्हणाला, घ्यायचा विचार आहे. रसिकाला हसू आवरेना, कारण हा विचार तिलाही आत्ताच कळत होता.

एसी नसेल तर निम्मी पॅनेलं पुरतील, चंदननं सांगितलं. तीही उंच सांगाड्यावर बसवता येतील, खाली माणूस ताठ उभा राहील.

“वारा अडंल?”

चारी बाजू मोकळ्या, वारा अडणार नाही. पाऊस मात्र पॅनेलांमधल्या फटींतून गळेल, हे त्यानं स्वतःहून सांगितलं.

“गळू दे. खाली ताडपत्री बांधता येईल. आतापर्यंत तर वर आभाळच होतं.”

सरूबाई जिन्याच्या पायरीवर टेकली. सकाळपासूनचा पहिला चहा तिनं रसिकाच्या हातून घेतला आणि तिथंच बसून सावकाश संपवला. मग अर्जाच्या ओटीपीसाठी आपला फोन काढून नीरजच्या हातात दिला.

“अर्धी गच्ची तुमची, अर्धी माझी, अन् पॅनेलांखालची जागाबी माझी,” ती म्हणाली. “शनिवारी बोंबील उतरतील. सोमवारी लोखंड चढवा.”