शुभ शुक्रवारची दोरी

३१ मार्च १९६१, शुभ शुक्रवार. तीन माणसे बुडाली.

या मृत्यूंबद्दल आमच्या बेटावर कोणालाही दोष दिला गेला नाही. धुके होते, खडक होता, आणि मासेमारीच्या सहकारी संस्थेने त्या दिवशीही होडी पाठवली होती, कारण कम्युनिस्ट सरकारच्या पंचांगात शुभ शुक्रवार नव्हता. एवढ्यावर सगळ्यांचे समाधान झाले. ज्याचे झाले नाही, त्या येरोलिमची ही हकिगत आहे.

येरोलिम बोग्दानिच हा आमच्या चर्चचा सेवक. मेणबत्त्या लावणे, वेदीवरची वस्त्रे धुणे, घंटा वाजवणे ही कामे त्याच्याकडे बापाकडून आली. थोडा द्राक्षमळा होता. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हते. फादर शिमे यांना तीन गावे सांभाळावी लागत, त्यामुळे एरवी चर्च येरोलिमच्याच हाती असे. ईस्टरपूर्वीच्या उपवासात तो भाजीला तेलाचा थेंब लागू देत नसे. बायका मुलांना त्याच्याकडे बोट दाखवून सांगत, माणसानं असं राहावं.

घंटेला आमच्याकडे दोन कामे आहेत. एक प्रार्थनेला बोलावण्याचे, दुसरे वसंतात समुद्रावर धुके उतरले की होड्यांना खाडीचे तोंड कळवण्याचे. तिला एक नियमही आहे. गुरुवारच्या मिस्सेपासून, म्हणजे सामूहिक उपासनेपासून, शनिवारी पुनरुत्थानाचे गौरवगीत सुरू होईपर्यंत ती मुकी राहते. दोरी वर गुंडाळून बांधतात आणि लोकांना बोलावण्यासाठी हातात धरून फिरवायचा लाकडी करकरा वापरतात. घंटेचा नियम आणि घंटेचे काम कधी एकमेकांच्या आड येईल, असे कोणाच्या मनात आले नव्हते. त्या दिवसांत समुद्रावर कोणी जातच नसे.

त्या दुपारी फादर शिमे पलीकडच्या गावी होते. आमच्या चर्चमध्ये लोक क्रुसाचे चुंबन घ्यायला रांगेत उभे असताना दारातून मांदिना आत आली. तिचा नवरा व्हिद, दीर आणि इंजिन चालवणारा एक म्हातारा, असे तिघे होडीवर होते. बाहेर धक्क्याचे टोकही दिसेनासे झाले होते. रांगेतल्या कोणीतरी पुटपुटले की अशा दिवशी जाळे टाकणाऱ्यांना दुसरे काय मिळणार. मांदिनाने ते ऐकले असावे. ती सरळ येरोलिमपाशी गेली आणि घंटा वाजवा म्हणाली.

येरोलिम म्हणाला, ''घंटा उद्या वाजेल, मांदिना. आज प्रभू मरण पावलेत.''

''प्रभू उठणार आहेत, काका. ते आपल्याला ठाऊक आहे. माझा माणूस आत्ता पाण्यात आहे.''

त्याने मान हलवली. मग त्याने करकरा उचलला, धक्क्याच्या टोकाशी जाऊन उभा राहिला आणि तो फिरवू लागला. अंधार पडेपर्यंत फिरवत राहिला. तळहाताची साले निघाली. पण लाकडाचा आवाज ओल्या हवेत विरतो, लांब जात नाही. शनिवारी धुके उठले तेव्हा होडी खडकाला लागलेली सापडली, बंदरातून दिसेल इतक्या जवळ.

फादर परतल्यावर त्यांनी सगळे ऐकून घेतले. म्हणाले, माझ्याकडे माणूस पाठवला असतास तर मी दोरी ओढ म्हटलं असतं. मग येरोलिमचा चेहरा पाहून त्यांना दया आली असावी, कारण त्यांनी जोडून सांगितले की तू नियमाबाहेर काही केलं नाहीस. या दोन वाक्यांपैकी येरोलिमने दुसरे जपून ठेवले. गावानेही तेच ठेवले. त्याच्या सोललेल्या हातांची गोष्ट पुढे कित्येक वर्षे सांगितली गेली. अशी निष्ठा हवी, असे म्हणत.

तो अधिक कडक झाला. शुक्रवारी पाणी आणि भाकरी. डोंगरावरच्या छोट्या प्रार्थनामंदिरापर्यंत अनवाणी चढण. दर महिन्याला न चुकता पापनिवेदन: गाढवावर ओरडलो, प्रार्थनेत मन भरकटले, वाईन विकताना शेजाऱ्याशी खोटे बोललो. या यादीतले सगळे खरे होते. परमेश्वराकडे जाण्याच्या वाटेतले अडथळे आपण बहुधा वासनेत आणि आळसात शोधतो, कारण ते ओळखायला सोपे असतात आणि कबूल करताना फारसे लागत नाहीत. येरोलिमचा अडथळा त्याच्या उपासांच्याच आधाराने उभा होता, आणि प्रत्येक उपास त्याला आणखी बळ देत होता.

अठरा वर्षांनी, उपवासाच्या शेवटच्या आठवड्यात, तो पापनिवेदनाला बसला आणि नेहमीची यादी संपल्यावर उठला नाही. पुढचे मला फादरनी सांगितलेले नाही. ते सांगणारही नाहीत, पापनिवेदन त्यांना गुप्तच ठेवावे लागते. येरोलिमनेच सांगितले, माझ्या अंगणात बसून, समुद्राकडे पाठ करून.

तो फादरना म्हणाला होता, ''मांदिना समोर उभी होती तेव्हा सगळी रांग माझ्याकडे बघत होती. मला बरं वाटलं.''

फादर म्हणाले, ''हे तिला जाऊन सांग. त्यानंतर ये, मी क्षमा उच्चारीन.''

येरोलिमने दुसरे काही प्रायश्चित्त मागितले. पाहिजे तेवढे उपास, पाहिजे तेवढा डोंगर.

''ते तुला जमतं, येरोलिम. म्हणून ते देत नाही.''

तो गेला. मांदिना उंबऱ्यापाशी बसून बरणीत सार्डिन मासे रचत होती, एक थर माशांचा, एक मिठाचा. तिने त्याला हसून विचारले की काका, आमच्याकडे कोणी मेलंय की काय, एरवी तुमचं पाऊल या घरात पडत नाही. त्याला गोड वाईन दिली. तो द्राक्षांच्या किडीबद्दल बोलला, फादरच्या गुडघ्यांबद्दल बोलला. मग म्हणाला, ''त्या दिवशी मला नियम मोडता येत नव्हता, मांदिना.''

तिचा हात थांबला नाही. ''हे मला सगळ्या गावानं सांगून झालंय,'' ती म्हणाली. ''तुम्ही आलात तेव्हा वाटलं, वेगळं काही सांगाल.''

तो उठला. निघताना तिने त्याला मासे बांधून दिले. ते त्याने घेतले, घरी नेले आणि खाल्ले. हे सांगताना तो जेवढा अडखळला तेवढा बाकी कशातही अडखळला नाही.

त्या ईस्टरपासून, क्षमा न मिळाल्यामुळे, येरोलिम ख्रिस्तप्रसाद घेत नाही. वेदी मांडतो, मेणबत्त्या लावतो, आणि लोक रांग लावू लागले की मागे खांबाशी जाऊन उभा राहतो. गावाने याचाही अर्थ लावला. एवढा पवित्र माणूस, तरी स्वतःला पात्र समजत नाही, असे बायका हळू आवाजात एकमेकींना सांगतात. एकदा ते त्याच्या कानावर पडले. त्या क्षणी आपल्याला काय वाटले, हे त्याने मला सांगितले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकले. त्याला पुन्हा बरे वाटले होते.

मी त्याला म्हटले की निदान हे तरी तिला सांगा. तो म्हणाला, सांगेन. गेल्या हिवाळ्यातही त्याने हेच म्हटले होते.

त्याची दृष्टी आता अधू झाली आहे, आणि मांदिना त्याच गल्लीत, चार घरे सोडून राहते. दोघे रोज एकमेकांना नमस्कार करतात. येरोलिम बोग्दानिच तिला एक वाक्य देणे लागतो. ते अद्याप दिले गेलेले नाही.