फटके वकील आणि मिस्त्रीचा अंगठा

पालघरच्या कोर्टात स्वतःच्या अशिलांना मारणारा वकील एकच होऊन गेला. फटके हे त्यांचे आडनाव नव्हे; ते गावाने बहाल केलेले होते, आणि ते त्यांनी मिळवलेले होते. परवा वकिलांच्या खोलीत त्यांची तसबीर लागली, तेव्हा एका तरुण वक्त्याने त्यांना ‘मृदू स्वभावाचे, दयाळू’ ठरवून टाकले. या वक्त्याचा जन्म फटके वकील गेल्यानंतरचा. मी त्यांचा ज्युनिअर होतो आणि त्यांच्या छडीचा वळ माझ्या मनगटावर उठलेला आहे. तेव्हा या विषयात मी कोणाचे ऐकून घेणार नाही.

त्यांची पद्धत अशी की आलेल्या माणसाची हकिगत शांतपणे ऐकायची आणि मग त्याच्यावर तुटून पडायचे. शिव्या द्यायच्या, टेबलावर छडी आपटायची, प्रसंगी अंगावरही. “माझ्यापुढे फुटलास तर तुझी अब्रू जाईल. कोर्टात फुटलास तर सगळंच जाईल,” असे ते म्हणत. बोईसरच्या एका बागायतदाराने एकदा पढवून आणलेला साक्षीदार त्यांच्यापुढे उभा केला. वकिलांनी त्याची मानगूट धरून त्याला भिंतीवर असे आदळले की त्याच्या नाकातून रक्त आले. बागायतदार ओरडला, “साहेब, साक्षीदार आहे तो माझा!” वकील म्हणाले, “साक्षीदार कसला, पोपट आहे. पिंजऱ्यासकट घेऊन जा.”

अशा माणसाकडे चीनच्या युद्धाच्या आदल्या वर्षी इस्माईल मिस्त्रीचे प्रकरण आले.

इस्माईल मूळचा मनोरचा, पण सातपाटीला होड्या बांधी. त्याच्या हातची होडी म्हटली की कोळी डोळे मिटून समुद्रात घालीत. फाळणीपूर्वी तो कराचीला कामाला गेला आणि तिकडेच अडकला. काही वर्षांनी पाकिस्तानचा पासपोर्ट आणि थोड्या मुदतीचा परवाना घेऊन घरी आला, तो परत गेलाच नाही. लग्न केले, मुले झाली. आणि मग सरकारने त्याला परकीय ठरवून देश सोडण्याचा हुकूम काढला. त्याने अर्ज केला, तो फेटाळला गेला. कारण एकच: चौकशीला आलेल्या फौजदाराला त्याने सांगितले होते, “मी माझ्या मर्जीनं घेतला पासपोर्ट. इस्मालवर जबरदस्ती करनारा अजून पैदा झाला नाय.” मर्जीने परका पासपोर्ट घेणाऱ्याचे नागरिकत्व जाते. ज्याच्यावर जबरदस्ती झाली त्याचे जात नाही. हे त्या अभिमानी माणसाला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तरी तो तेच बोलला असता.

पोलीस त्याला राजस्थानच्या सरहद्दीकडे नेण्यासाठी सातपाटीला आले, तेव्हा तेथे जे घडले त्याला हल्ली ‘किरकोळ बाचाबाची’ म्हणतात. मी तेथे होतो. इस्माईलला केसांना धरून वाळूवरून ओढत नेले. त्याची बायको जुलेखा हिने एका शिपायाच्या हाताचा लचका तोडला. तिच्या पोटात लाथ बसली. ‘पाकिस्तानी’ म्हणून ओरडत आलेल्या बाजारातल्या टोळक्याने अर्धवट बांधलेली होडी पेटवली. ज्या तांडेलाची ती होडी होती तो कोयता घेऊन त्यांच्यावर धावला. “भाड्यांनो, होडी माझी हाय! ती पन पाकिस्तानी काय?” वकील उच्च न्यायालयाचा मनाई हुकूम घेऊन पोहोचले ते या गर्दीत. त्यांनी कागद फौजदाराच्या हातात दिला आणि मोकळ्या झालेल्या हाताने आग लावणाऱ्याच्या थोबाडीत दिली. बदल्यात कोणाची तरी वल्ह्याची काठी त्यांच्या तोंडावर बसली आणि समोरचे दोन दात गेले. ते दात म्हातारपणाने पडले, असे त्यांचा पुतण्या सांगतो. पुतण्या तेव्हा नाशकात होता.

उच्च न्यायालयाने इस्माईलवर दया केली, ही दुसरी थाप. न्यायमूर्तींनी विचारले होते, “तुमचा अशील भारतीय आहे असे आम्ही जाहीर करावे, असे तुमचे म्हणणे आहे काय?” दोन दात नसलेल्या तोंडाने वकील उत्तरले, “नाही. ते आपले काम नव्हे. ज्यांचे ते काम आहे, त्यांनी माझ्या अशिलाचे ऐकून न घेताच ते उरकले. एवढेच आपण सांगावे.” न्यायालयाने तेवढेच सांगितले. हुकूम रद्द झाला, नव्याने सुनावणी करण्यास सरकारला बजावले गेले. दयेचा त्यात लवलेश नव्हता. दार पुन्हा उघडले गेले होते. आत जाऊन इस्माईलने काय बोलायचे, हा प्रश्न तसाच होता.

कराचीत काय झाले याची कुणकुण वकिलांना तारापूरच्या एका खलाशाकडून लागली होती. पण त्याचे सगळे ऐकीव. खरे बोलू शकणारे तोंड एकच होते आणि ते मिटलेले होते. सुनावणीच्या आदल्या दिवशी वकिलांनी इस्माईलला जुलेखासह बोलावले. त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला.

“याच्यावर अंगठा उठव.”

“काय लिवनार त्याच्यावर?”

“तुला काय करायचंय? उठव.”

“नाय उठवनार.”

पहिली छडी खांद्यावर बसली. दुसरी पाठीवर. मी मध्ये पडलो, तेव्हा तिसरी माझ्या मनगटावर आली. वकील थांबले नाहीत. इस्माईल त्यांना एका हाताने उचलून फेकू शकला असता. तो नुसता उभा राहून मार खात होता. जुलेखा किंचाळली, “अवो, उठवा ना! मारून टाकतील तुमाला!” शेवटी त्याने शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर दाबला.

वकिलांनी छडी खाली ठेवली. धापा टाकत त्यांनी विचारले, “हा अंगठा तू तुझ्या मर्जीनं उठवलास?”

इस्माईलने शाई लागलेल्या अंगठ्याकडे पाहिले. मग त्या धिप्पाड माणसाला रडू फुटले. “नाय,” तो म्हणाला. “तिकडं पन असंच झालं. ज्याच्याकडं कामाला व्हतो त्या शेठला मला इराकात बसऱ्याला धाडायचा व्हता, त्याला पासपोर्ट पायजे. मी नाय बोललो. गोदामात कोंडून मारला मला. रोज मारला. मंग उठवला अंगठा.”

“तुमी तर बोल्ले, पाठीवर फळ्या पडल्या, त्याचे डाग हायत,” जुलेखा म्हणाली. त्याने तिच्याकडे पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यापुढे त्याने हेच, याच शब्दांत सांगितले. उलटतपासणीत तो कोठेही ढळला नाही. पासपोर्ट मर्जीने घेतलेला नव्हता, असा निर्णय झाला आणि इस्माईल राहिला.

फटके वकील गेले, तेव्हा इस्माईल अंत्ययात्रेला आला नाही. त्यावरून त्याला कृतघ्न म्हणणारे आजही पुष्कळ आहेत. मी त्याला समोरासमोर विचारले होते. तो म्हणाला, “देस माझाच व्हता. तो त्यांनी नाय दिला. पन बायकोच्या म्होरं मला रडवला, ते त्यांनीच.” यात खोडून काढण्यासारखे मला काही आढळले नाही, आणि खोडून काढणे हा माझा धंदा आहे.

वकिलांचे म्हणणेही ऐका. त्यांच्या शेवटच्या वर्षी आम्ही दोघे सातपाटीच्या किनाऱ्यावरून चाललो होतो. इस्माईल नव्या होडीवर तासणी चालवीत होता. आम्हांला पाहताच त्याने पाठ फिरवली आणि काम चालू ठेवले. मी संतापून म्हणालो, “काय माणूस आहे हा! तुम्ही याच्यासाठी दात गमावलेत.”

“ओरडू नकोस,” फटके वकील म्हणाले. आवाज इतका हलका मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. “इथे आहे, म्हणून पाठ फिरवतोय. फिरवू दे त्याला.”