कोहकाटोल्याची ‘नाई’

तुम्ही कधी कोणाला ‘उद्या या’ म्हटलंय का? खिडकीच्या आत बसून, चहा निवत होता म्हणून, साहेब जागेवर नव्हते म्हणून, किंवा नुसतंच, समोरच्या पोरीच्या चपलेला चिखल दिसला म्हणून? म्हटलं असेल तर आठवून ठेवा. शेवटी लागणार आहे.

करिश्मा तुलावी ही धानोऱ्याच्या पुढे, डांबर संपल्यावर लागणाऱ्या कोहकाटोल्याची. बाप जंगू, माय सोमारी. धानाचा एक तुकडा, बाकी सगळं जंगल: मोह, तेंदूपत्ता, बांबू. पोरगी गडचिरोलीत वसतिगृहात राहून सिव्हिलचा डिप्लोमा झाली. गावात तिच्याआधी असं बाहेर राहून शिकलेला एकच, कोलूचा लोकेश. त्याचं पुढे येईल.

डिप्लोमावाल्यांना डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. करिश्मानं अर्ज भरला होता आणि भरल्यापासून तिला एका जागी बसवत नव्हतं. मुळातच ती पोरगी उकळत्या भातासारखी, झाकण ठेवलं की उडवणार. गावात मोबाइल लागतो तो फक्त तळ्याच्या बांधावर, तेही हात वर केला तर. भर पावसात, डोक्यावर खताचं पोतं घेऊन ती दिवसातून किती वेळा बांधावर जायची ते तिथल्या शेळ्यांनाच ठाऊक. ऑगस्टच्या अखेरीस एका शनिवारी निरोप पडला. नागपूरचं कॉलेज, सिव्हिल, दुसरं वर्ष. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हजर व्हा, पैसे भरा. नाही आलात तर जागा दुसऱ्याची.

आता कोणी म्हणेल, आदिवासींना सरकार शिष्यवृत्ती देतं की. देतं. पण ती बैलगाडीनं येते आणि खानावळवाली पहिल्या तारखेलाच दारात उभी राहते. सरकारी वसतिगृहाची यादी लागते दिवाळीनंतर. तोवर खोली, जेवण, कॉलेजची अनामत, सगळं पदरचं. आणि पदर तर फाटलेला. जंगूचा पाय मागच्या वर्षी बांबू तोडताना मोडला तो अजून सरळ पडत नव्हता. सोमारी एकटीच दोघांचं काम ओढत होती.

राहिली ग्रामसभा. जंगलावरचा हक्क मिळाल्यापासून कोहकाटोल्याची माणसं आपला तेंदू, आपला बांबू आपणच विकतात आणि त्यातला एक वाटा गावाच्या खात्यात ठेवतात. आजारपणाला देतात, शिकणाऱ्याला देतात. फक्त तिथं एक रीत आहे. हात वर करून मोजायचं नाही. गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या जागेत, घराघरातून माणसं बसतात, प्रत्येकाला विचारतात. एकानं जरी ‘नाई’ म्हटलं तर काम थांबतं. मग त्या ‘नाई’वाल्याशी बोलायचं, पुन्हा बसायचं. बाहेरच्यांना हा खुळेपणा वाटतो. वाटू द्या. ठेकेदार गावातल्या चार माणसांना दारू पाजून सही घ्यायला आले होते, तेव्हा याच खुळेपणानं त्यांना रिकाम्या हातानं पाठवलं होतं.

रविवारी सभा बसली. घरं ‘हो’ म्हणत गेली, म्हणत गेली, आणि कोलूपाशी अडली. कोलू म्हणजे गावातला कमी बोलणारा माणूस, खांद्यावर कायम कुऱ्हाड. तो म्हणाला, “माही नाई आहे.” काऊन, ते सांगितलं नाही. विचारलं तरी मान खाली.

करिश्माच्या डोळ्यांसमोर शुक्रवार नाचत होता. ती ताडकन उठली.

“एका माणसासाठी काऊन थांबायचं? हात वर करा. मोजा. बहुमत दिसून जाईन.”

गोटुलात असं कोणी कधीच बोललं नव्हतं. पावसाचा आवाज एकदम मोठा झाला. आत्तापर्यंत तिच्याकडे बघून हसणारी माणसं जमिनीकडे बघायला लागली. गुलाबबाई, जिनं सगळ्यात आधी ‘हो’ म्हटलं होतं, ती सुपारी कातरता कातरता थांबली.

“आज कोलूले मोजून बाजूले टाकू. उद्या तुह्या मायले टाकू. मंग?” ती म्हणाली. “माहीबी नाई आता.”

सभा बसली तेव्हा एक ‘नाई’ होती, उठली तेव्हा चार झाल्या. पॉलिटेक्निकात तीन वर्षं काढून पोरीनं गावात आणलं काय, तर मोजणी.

घरी सोमारी रागावली नाही, तेच करिश्माला जास्त लागलं. बाप खाटेवर पाय चोळत बसला. सोमारीनं दारामागची काठी काढून पोरीच्या हातात दिली. पावसाळ्यात बांबूला कोवळे कोंब फुटतात, त्यांना वास्ते म्हणतात. बाहेरचे लोक भाजीसाठी ते मोडून नेतात आणि मोडलेला कोंब पुन्हा बांबू होत नाही. म्हणून गाव बारी लावून राखण करतं. ज्याच्या दारात काठी, त्याची बारी. रोज दोन घरं. जंगूचा पाय मोडल्यापासून या घराच्या कितीतरी बाऱ्या बुडाल्या होत्या.

“उद्या आपली बारी,” सोमारी म्हणाली. “जोडीले कोलू आहे. मी नाई जात. तू जा.”

सोमवारी सकाळी दोघं निघाले. कोलू पुढे, ती मागे. करिश्माचं डोकं नागपुरात, पाय चिखलात. नाल्यात पाणी गुडघ्याच्या वर होतं. कोलूनं मागे न बघताच म्हटलं, “इंजिनेरबाई, चप्पल हातात घ्या. वाहून गेली तं कॉलेजात उघड्या पायानं जान का?”

तो टोमणा होता की चौकशी, तिला कळेना. पण ‘जान का’ म्हणाला, म्हणजे ती जाईल हे त्याच्या डोक्यात होतं. पलीकडे गेल्यावर ती म्हणाली, “काका, काल मी चुकली. तुमची नाई काऊन आहे तेवढं सांगा. मी भांडत नाई.”

कोलू बराच वेळ बांबूच्या बेटाभोवती फिरला. एकेक वास्ता काठीनं हळूच हलवून बघितला. मग उकिडवा बसला आणि सांगितलं. लोकेशला चंद्रपूरला पाठवायचं ठरलं तेव्हा कोलूनंच गोटुलात उभं राहून शब्द दिला होता की पोरगा शिकून परत येईल. पोरगा शिकला. कुठल्याशा कंपनीत लागला. आला नाही.

“गावानं मले एक शब्द नाई म्हटला,” कोलू म्हणाला. “शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं. आता तुह्यासाठी हो म्हणू तं कोण्या तोंडानं?”

करिश्माच्या ओठांवर वाक्य तयार होतं: मी परत येईन. एवढं म्हटलं की काम झालं असतं. शुक्रवार हातात आला असता. तिनं ते गिळलं.

“मी परत येईन, असं मी सांगत नाई, काका. मलेच माहीत नाई. पण माह्या घरची काठी दारात पडून राहणार नाई. माय जाईन, सुट्टीत मी जाईन. आन् परत येणार नसन, तं गोटुलात उभी राहून सांगीन. लोकेशभाऊसारखा फोन बंद करून नाई.”

“तो बंद नाई करत,” कोलू म्हणाला. “मीच लावत नाई.”

त्यानंतर दिवसभर दोघं बेटं राखत फिरले. फक्त आता तो मागे चालत होता.

बुधवारी पुन्हा सभा बसली. करिश्मानं उभं राहून रविवारचे शब्द परत घेतले. गुलाबबाईनं विचारलं, “झाली का तुही मोजणी?” आणि सगळं गोटुल हसलं. कोलूची वेळ आली. तो म्हणाला, “माही नाई सरली.” बाकीच्या तिघांच्याही मग सरल्या. ग्रामसभेचा चेक निघाला. गुरुवारी ती गडचिरोलीला मैत्रिणीकडे, दीपिकाच्या खोलीवर मुक्कामाला गेली आणि शुक्रवारी पहाटेच्या गाडीनं नागपूर. गाडी उमरेडच्या अलीकडे बंद पडली. दुसरी मिळाली ती उभ्यानं. कॉलेजच्या खिडकीपाशी पोचली तेव्हा दुपार कलत होती.

खिडकीतल्या माणसानं चेक उलटासुलटा केला. ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायत का? नाही म्हटल्यावर त्यानं चेक परत सरकवला. असा चेक चालत नाही, बँकेचा डीडी आणा, उद्या या.

“आज शेवटचा दिवस आहे, सर.”

“मग मी काय करू?”

तोच राग, गोटुलातला, कानापर्यंत चढला. मागच्या रांगेतली शहरातली पोरं घड्याळं बघत होती. पण या वेळी तिनं झाकण उडू दिलं नाही. तिनं विचारलं, “ही नाई तुमची आहे का, सर? की दुसऱ्या कोणाची? ज्याची असेल त्याच्याशी मी बोलते.”

तो म्हणाला, नियम आहे, हिशेब विभागाला विचारा. हिशेबवाल्या म्हणाल्या, आमचं काही नाही, प्राचार्य ठरवतात. प्राचार्यांच्या दारातल्या बाबूनं सांगितलं, पैशाचं आमच्याकडे नसतं, हिशेबात जा. चिखलाच्या चपलांनी ती जिने चढली, उतरली, पुन्हा चढली. झाडूवाली तिच्यामागून पुसत आली, तिच्याकडे बघून वैतागली आणि मग स्वतःच म्हणाली, डावीकडच्या मॅडमकडे जा, त्या ऐकतात.

त्या मॅडम रुबीना शेख, प्रवेशाचं काम बघणाऱ्या, मूळ बल्लारपूरच्या. करिश्मा त्यांच्यासमोर उभी राहिली. “मॅडम, सगळे म्हणतात नाई त्यांची नाही. आता तुमचीच उरली. तुमची आहे का?”

रुबीनाबाईंनी चष्मा काढला. चेक बघितला, तिच्या पायांकडे बघितलं. गाव कुठलं ते विचारलं. मग ड्रॉवर उघडून शिक्का काढता काढता म्हणाल्या, “माझी तर नाही.” चेक वटेपर्यंत प्रवेश तात्पुरता, असं लिहून त्यांनी सही केली. तेव्हा खिडकीचं शटर अर्धं खाली आलं होतं.

चेक वटला. करिश्मा आता शेवटच्या वर्षाला आहे. अजूनही तिला बसवत नाही आणि परत येईन की नाही तेही ती अजून सांगत नाही. मागच्या पावसाळ्यात सुट्टीला आली तेव्हा काठी घेऊन कोलूच्या जोडीला गेली. कोलूनं लोकेशला फोन लावला का, ते गावात कोणी विचारत नाही. पण हल्ली संध्याकाळी तो तळ्याच्या बांधावर दिसतो, मोबाइल धरलेला हात वर करून.

तर तुम्ही, खिडकीच्या आतले. नियम तुमचे आहेत, शिक्का तुमचा आहे, शटरही तुमचंच. फक्त पुढच्या वेळी तोंडावर ‘उद्या या’ आलं, तर शटर ओढायच्या आधी समोरच्या पोरीला एवढं सांगा: ही ‘नाई’ कोणाची आहे? आणि ती तुमची नसेल, तर पोरीला आत घ्या.